मळ्याच्या मुरमाच्या रस्त्यासाठी ट्रॅक्टरचं अवजार निवडताना: पलूस-कडेगाव भागातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ताकारी उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं तसा सांगली जिल्ह्याच्या पलूस-कडेगाव पट्ट्यात माळावरही ऊस उभा राहिला. उसापाठोपाठ दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आले. मळ्यांकडं जाणारे रस्ते मात्र बैलगाडीच्या मापाचेच राहिले. हे प्रकरण त्यातल्याच एका रस्त्याचं. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. रस्त्याचं दुखणं, अवजारं आणि निर्णयांचा क्रम जसा होता तसा ठेवला आहे.

डांबरी सडक सोडल्यावर मळ्यापर्यंत सव्वा किलोमीटर अंतर. रुंदी १० ते १२ फूट. वरचा दोन-तृतीयांश भाग माळावरून, कडक मुरमातून जातो. खालचा भाग काळ्या रानातून ओढ्यापर्यंत उतरतो. मळ्यात एकाच भावकीची ११ घरं आहेत. रस्ता वहिवाटीचा आहे, ज्याच्या त्याच्या रानातून संमतीनं सोडलेला. २०२१ साली सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत तो बसवता येईल का, याची चौकशी झाली होती. पण गावनकाशावर हा रस्ता नाही आणि वाटेतल्या एका गट नंबरच्या जमिनीच्या वाटपाचा वाद सुरू आहे. वाद मिटेपर्यंत थांबायचं तर आणखी किती हंगाम जातील, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. म्हणून रस्ता आपल्याच पैशानं आणि आपल्याच ट्रॅक्टरनं राखायचा, असं भावकीनं ठरवलं. अवजाराच्या सल्ल्यासाठी मला बोलावलं ते या टप्प्यावर.

मळ्यात ५० एचपीचा एक ट्रॅक्टर, जरा लहान असा दुसरा आणि द्राक्षबागेतला एक छोटा ट्रॅक्टर आहे. अवजारांत पल्टी नांगर, मोगडा (कल्टिव्हेटर), रोटाव्हेटर, सरी रेजर आणि शेताचा लेव्हलर.

अडचण

दिवाळी आली, गळीत हंगाम तोंडावर आला की दरवर्षी वर्गणी निघायची. जेसीबी लावायचा, बकेटनं रस्ता घासून घ्यायचा, वर पंधरा-वीस ट्रॉल्या मुरूम ओतायचा. रस्ता आठ दिवस छान दिसायचा. संक्रांतीपर्यंत खड्डे जागच्या जागी उघडे पडायचे. काळ्या रानातल्या भागात अवकाळी पाऊस झाला की भरलेली ट्रॉली आसापर्यंत रुतायची. ऊसतोड टोळीचा मुकादम आधी रस्ता बघायचा आणि मग फडाला हात लावायचा. तोड लांबली की उसाचं वजन घटतं, शिवाय पुढची लागण अडकते. खराब रस्त्याचा हा खर्च कुठल्याच वहीत मांडला जात नाही, पण तो सगळ्यात मोठा असतो.

मला विचारलेला प्रश्न होता, "डोझर घ्यावा का ब्लेड?" त्याचं उत्तर देण्याआधी रस्ता पायी बघितला. चार-पाच ठिकाणी दोन्ही कडांना खुंट्या ठोकून पाणसळीनं सुतळी आडवी ताणली. मुरमाच्या रस्त्याचा मध्य कडांपेक्षा उंच हवा, यालाच रस्त्याची पाठ म्हणायचं. मध्यापासून कडेकडं फुटाला साधारण अर्धा इंच उतार, म्हणजे १० फुटी रस्त्याचा मधला भाग कडेपेक्षा अडीच इंच वर. इथं सुतळी ताणली तर मध्यावर तिच्याखाली चार बोटं जात होती. वर्षानुवर्षं घासून घासून रस्ता रानापेक्षा खाली गेला होता. खरवडलेली माती दोन्ही कडांना बांधासारखी साठली होती. पावसाचं पाणी रस्त्यावरून उतरायला वाटच नव्हती. ते रस्त्यातूनच वाहत खाली काळ्या रानात जाऊन थांबायचं. माळावरच्या चाकोऱ्या आणि खालचा चिखल, दोन्हींचं मूळ हेच.

गोठ्याजवळच्या चढावर आणखी एक तक्रार होती. दुधाच्या गाड्या आणि टेम्पो तिथं जोरात निघतात, ब्रेक मारतात. त्यानं सिमेंटच्या पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठल्या होत्या. वरून सुटी खडी पसरून त्या लाटा दरवर्षी बुजवल्या जात, आणि पंधरवड्यात पुन्हा उठत.

खड्डा असो की लाट, नियम एकच. तळापर्यंत कापून मोकळी केल्याशिवाय ती जात नाही. खड्ड्यात नुसता मुरूम ओतला तर तो खालच्या कडक थराला धरत नाही. चाकाच्या मारानं उडून जातो आणि खड्डा होता तेवढाच राहतो.

म्हणजे या रस्त्याला तीन गोष्टी हव्या होत्या. कडक थर खरवडून मोकळा करणं, कडेचा माल मध्यावर आणून आकार देणं, आणि हा आकार पुढं वरचेवर टिकवणं. ही तिन्ही कामं सारख्याच चांगल्या रीतीनं करणारं एक अवजार नाही. पुढची सगळी चर्चा इथूनच निघाली.

कोणते पर्याय तपासले

घरात असलेला लेव्हलर वापरायचा, ही पहिली सूचना आली. भावकीतल्या तात्यांचा पुतण्या म्हणाला, "तात्या, लेव्हलर हाय की आपल्याकडं, मग नवीन कशाला?" तात्यांनी तो आधीच वापरून बघितला होता. "लेव्हलरनं वाफा सारखा हुतो रं, रस्ता न्हाई." त्यांचं बरोबर होतं. शेताचा लेव्हलर मोकळी माती उंचावरून सखलात ओढतो. दाबून घट्ट झालेल्या मुरमावर त्याची पत्ती नुसती घसरत जाते आणि सुटा माल खड्ड्यांत लोटते. लेझर लेव्हलर भाड्यानं आणायचं कोणीतरी सुचवलं. त्यावर फार बोलावं लागलं नाही, कारण शेताला हवी असते ती सपाटी इथं नकोच होती.

रोटाव्हेटरनं सगळा रस्ता फोडून घ्यावा, असाही आग्रह होता. त्याला मी स्पष्ट नको म्हटलं. रोटाव्हेटर मुरमाचा भुगा करतो. मोठे दाणे आणि बारीक माती यांची जी पकड रस्त्याला घट्ट ठेवते तीच मोडते. दगड लागला की पाती वाकतात, आणि उडालेला दगड मागं उभ्या माणसाला लागू शकतो.

पुढं लावायचा डोझर ढीग सारायला उत्तम, आकार द्यायला नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर त्याचा कायमचा बोजा पडतो तो वेगळाच. रस्त्यांसाठीचा मोठा मोटर ग्रेडर भाड्यानं आणणं दोन्ही बाजूंना उभा ऊस असलेल्या १० फुटी वाटेवर गैरसोयीचं होतं. शिवाय इतक्या लहान कामाला तो आणण्या-नेण्याचाच खर्च फार.

राहिले तीन.

पहिला टेरेसर ब्लेड. ट्रॅक्टरच्या मागं तीन बिंदूंवर जोडतात. तिरका करता येतो, त्यामुळं कडेचा माल उचलून मध्याकडं सरकवत नेतो. रस्त्याला पाठ द्यायला याच्यासारखं दुसरं साधन नाही. खोट एकच, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ब्लेड मागच्या आसाच्याही मागं लटकतो. ट्रॅक्टरची पुढची चाकं खड्ड्यात उतरली की तो वर उचलला जातो, चाकं उंचवट्यावर चढली की खाली रुततो. म्हणजे जुने खड्डे नव्या लाटा होऊन पुन्हा रस्त्यावर उमटतात. मागं टेकूची चाकं लावली तर हे बरंच आवरतं. नाही तर चालकाचा हात सतत लिव्हरवर हवा.

दुसरा बॉक्स ब्लेड. तीन बाजूंनी बंद पेटी, पुढं खरवडायचे फण, मागं पत्ती. टॉप लिंक, म्हणजे अवजार ट्रॅक्टरला जोडणारी वरची दांडी, आखूड केली की फण खोल जातात, लांब केली की मागची पत्ती गुळगुळीत करत चालते. खरवडणं, माल वाहून नेणं आणि पसरणं ही तिन्ही कामं एकाच अवजारात होतात. बंगल्यासमोरची किंवा फार्महाऊसची शे-दोनशे फुटांची खडीची वाट राखायची असेल आणि एकच अवजार घ्यायचं असेल, तर मी बॉक्स ब्लेडच घ्यायला सांगतो. इथं दोन गोष्टी आड आल्या. पेटी माल धरून ठेवते, बाजूला सोडत नाही. त्यामुळं कडेचा बांध मध्यावर आणायच्या मुख्य कामाला ती कमी पडते. शिवाय टॉप लिंकचं तंत्र हाताला बसायला वेळ लागतो, आणि इथं ट्रॅक्टर चालवणारे दरवेळी वेगळे.

तिसरी दोन पत्त्यांची लांब चौकट. दोन्ही बाजूंना लांब लोखंडी पाटे, मधे दोन आडव्या, किंचित तिरक्या पत्त्या. चौकट आपल्या पाट्यांवर टेकून सरकते, म्हणून ट्रॅक्टर डुलला तरी पत्ती फारशी डुलत नाही. पहिली पत्ती उंचवटा कापते, दुसरी तो माल पुढच्या खळग्यात पसरते. चालकानं ती टेकवायची आणि ओढायची, बस. पण लांबवरून माल आणणं किंवा रस्ता नव्यानं उचलणं तिला जमत नाही.

निर्णय

दोन टोकांची मतं होती. एका गटाला वाटत होतं की नेहमीसारखा जेसीबी लावावा. तासाला हजार-बाराशे गेले तरी डोक्याला ताप नाही. दुसऱ्याला तयार बॉक्स ब्लेड मागवायचा होता, कारण व्हिडिओत तो एका फेरीत रस्ता गुळगुळीत करताना दिसला होता. त्या व्हिडिओतला रस्ता मोकळ्या खडीचा होता आणि त्याचा आकार आधीपासूनच चांगला होता. हे दाखवून दिल्यावर चर्चा जागेवर आली.

ठरलं ते असं. खरवडायला घरचाच मोगडा वापरायचा, पण स्प्रिंगचे फण काढून जाड, न वाकणारे पाचच फण ठेवायचे. स्प्रिंगचे फण कडक मुरमावर उड्या मारतात. आकार द्यायला ७ फुटी टेरेसर ब्लेड जुना, चांगल्या स्थितीतला घ्यायचा. आणि राखणीसाठी चौकट गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायची.

ब्लेड ७ फुटीच का, यावर बरंच बोलणं झालं. कोणाला ५ फुटी स्वस्त वाटत होता, कोणाला ८ फुटी दणकट. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची बाहेरची रुंदी जवळपास ६ फूट भरली. ७ फुटी ब्लेड ३० अंशांत तिरका केला की तो प्रत्यक्षात ६ फूटच झाकतो. त्याहून अरुंद घेतला तर टायरचा माग ब्लेडबाहेर राहतो आणि दर फेरीला नवी चाकोरी पडते. ८ फुटी ओढायला ५० एचपीला कडक मुरमात जड गेला असता.

प्रत्यक्ष काम

पहिला खर्च अवजारावर नाही, पाण्यावर केला. मे महिन्यात जेसीबी लावून दोन्ही कडांचे बांध जागोजाग फोडले आणि ओढ्याकडं जाणारे चर मोकळे केले. इथं पहिला अडथळा आला. एका चुलत भावाच्या उसात पाणी जाईल, म्हणून त्यानं आपल्या बाजूचा बांध फोडू दिला नाही. तासभर बाचाबाची झाली. शेवटी त्या तुकड्यात रस्त्याला मध्यावर पाठ न देता सगळा उतार पलीकडच्या बाजूला द्यायचा, आणि खालच्या टोकाला एक ह्यूम पाईप (सिमेंटचा मोठा पाईप) टाकून पाणी ओढ्याला काढायचं ठरलं. अरुंद रस्त्याला एकतर्फी उतार चालतो, फक्त तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा हवा.

दुसऱ्या वळणाला घाई नडली. ब्लेड आला त्याच आठवड्यात, भर उन्हात, पोरांनी तो कोरड्या रस्त्यावर चालवला. पत्ती कडक थरावर किंचाळत गेली. थोडा मुरूम सुटला तो धुरळा होऊन दोन दिवसांत उडाला. मग वळवाचा एक चांगला पाऊस होईपर्यंत थांबलो. दोन दिवसांनी तात्यांनी रस्त्याच्या मधली मूठभर माती दाबून बघितली. गोळा झाला, पण हाताला चिकटला नाही. "वाफसा आलाय," म्हणाले. मुरमाच्या रस्त्याला ब्लेड घालायची वेळ हीच. ओलसर मालच कापला जातो, पसरतो आणि दाबला की धरतो.

आधी मोगड्यानं खड्ड्यांच्या आणि लाटांच्या तळापर्यंत खरवडून घेतलं. मग ब्लेड तिरका करून दोन्ही कडांनी मालाची लांब वळ मध्याकडं आणली. उजव्या लोअर लिंकचं (खालच्या जोडदांडीचं) हँडल फिरवून ब्लेडचं कडेकडचं टोक खाली घेतलं, म्हणजे उतार आपोआप कापला जातो. एवढं करूनही पहिल्या फेरीत दर दोन पावलांवर लाट उमटू लागली. ट्रॅक्टरवर बघितलं तर चालकानं नांगरटीच्या सवयीनं ड्राफ्टचा लिव्हर वापरला होता. ड्राफ्टवर अवजाराला ओढ वाढली की हायड्रोलिक ते आपोआप वर उचलतं आणि ओढ कमी झाली की सोडतं. नांगराला ते हवंच असतं. रस्त्यावर मात्र त्यानं लाटाच पडतात. अवजार एकाच उंचीवर धरून ठेवणारा पोझिशनचा लिव्हर धरायला लावला, गिअर लो केला, चालायच्या वेगानं फेरी घेतली, आणि लाटा थांबल्या. अवजारावर हजारो रुपये घालून निराश झालेल्यांनी आधी हा लिव्हर तपासावा.

मुरूम नवा आणला तो कमी, पण निवडून. मुठीत ओला करून गोळा केला आणि उन्हात वाळवला. जो गोळा बोटांनी सहज फुटला त्या खाणीचा घेतला नाही. थोडी चिकण माती असलेला मुरूमच खडीला धरून ठेवतो. मुरूम गौण खनिज असल्यानं तहसीलमधून परवाना आणि स्वामित्वधनाची पावती काढली. हे लिहितो, कारण याच मुद्द्यावर शेजारच्या एका मळ्याचं काम निम्म्यात अडकलं होतं.

काळ्या रानातल्या भागात नुसता मुरूम टाकण्यात अर्थ नव्हता. काळी माती ओली झाली की फुगते आणि वरचा थर गिळते. तिथं आधी बाजूचा चर खोल केला, मोठ्या दगडांचा थर दिला आणि मग मुरूम टाकला. पैसे पुरले तेवढ्याच, सगळ्यात वाईट तुकड्याला.

दाबाईसाठी रोलर आणला नाही. पाण्यानं भरलेला ५,००० लिटरचा टँकर दर फेरीला टायरभर बाजूला सरकवत सगळ्या रुंदीवर फिरवला.

चौकट मात्र दोनदा करावी लागली. पहिली वाहून न्यायला सोपी म्हणून आखूड केली होती. खड्ड्यांमधल्या अंतरापेक्षा पाटे लहान, म्हणून ती खड्ड्यात उतरत-चढत जायची. पाटे ७ फुटांपर्यंत वाढवले, पुढची टोकं वर वळवली आणि पत्ती पाट्याच्या तळापेक्षा अर्धा इंचच खाली ठेवली. त्यानंतर ती नीट चालू लागली.

परिणाम

पावसाळ्यात सगळ्यात आधी फरक दिसला तो पाण्याचा. पाऊस उघडल्यावर थोड्याच वेळात माळावरचा रस्ता निथळून मोकळा व्हायचा. दिवाळीला वाफसा बघून ब्लेडची एक हलकी फेरी घेतली आणि हंगामभर चौकटीवर भागवलं. वरचा भाग चौकटीनं ओढायला तासभर लागतो, आणि ते काम आता विशीतली पोरंही करतात. त्या हंगामात माळावरच्या भागात एकही ट्रॉली अडकली नाही. मुरूम फक्त डागडुजीपुरता लागला.

काळ्या रानात निकाल निम्माच लागला. दगड घातलेला तुकडा टिकला. त्याच्या पुढं, ह्यूम पाईपजवळ, पाईपवरचा भराव नीट दाबला न गेल्यामुळं खचला आणि तिथं एक ट्रॉली दुसरा ट्रॅक्टर लावून ओढावी लागली. गोठ्याजवळच्या लाटा खोल कापून, चिकण मुरूम घालून बसवल्या तरी उन्हाळ्यात बारीक स्वरूपात पुन्हा आल्या. गाड्या त्याच जोरानं धावतात तोवर त्या वरचेवर कापत राहाव्या लागणार.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते चौकट आधी आणि ब्लेड नंतर, असा क्रम ठेवता आला असता. चर खोदायला जेसीबी लावलाच होता. त्याच वेळी कडेचा माल त्यानंच मध्यावर आणून टाकला असता, तर ब्लेडचा खर्च एक वर्ष पुढं ढकलता आला असता. ब्लेड घेताना टेकूची चाकं बरोबरच घ्यायला हवी होती. ती नंतर बसवायची म्हटल्यावर कोणी मनावर घेतलं नाही, आणि अजूनही ब्लेडचं काम एकाच कसबी चालकावर अडून आहे.

फॅब्रिकेशनवाल्यानं चौकटीच्या पत्त्या थेट वेल्डिंगनं जोडल्या. मुरमात पत्ती झिजते. पहिल्याच वर्षी ती गॅसनं कापून बदलावी लागली, त्यात चौकट थोडी वाकली. नटबोल्टची, उलटवून दुसरी धार वापरता येईल अशी पत्ती करायला थोडेच पैसे जास्त लागले असते. काळ्या रानातल्या भरावाला मात्र खरा रोलरच हवा होता. टँकरच्या चाकांची दाबाई माळावरच्या मुरमाला पुरली. पाईपवरच्या जाड भरावाला ती पुरणार नव्हतीच.

ही निवड जशीच्या तशी कुठंही उचलू नये, हेही सांगायला हवं. इथं वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो. साताऱ्याच्या पश्चिमेला, जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरउतारावर फार्महाऊसच्या वाटा आहेत. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. तिथं ब्लेड कुठला घ्यायचा याआधी ठराविक अंतरावर आडवे चर काढून पाणी वाटेबाहेर घालणं आणि तीव्र चढ दगडानं बांधून घेणं भाग आहे. उतारावर ब्लेडनं सारखं खरवडलं तर पाऊस तो मोकळा माल एका रात्रीत खाली नेतो.

खर्चाच्या वाटणीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. आधी घरटी वर्गणी होती. ज्यांचा ऊस कमी त्यांनी ती अन्यायाची ठरवली. आता कारखान्याच्या वजनाच्या पावत्या बघून, उसाच्या टनाप्रमाणे वर्गणी धरायची आणि चालकाची मजुरी व डिझेल त्यातूनच द्यायचं, असं ठरलंय. द्राक्षबाग असलेल्या दोन घरांचं काय करायचं, यावर बोलणी चालू आहेत. ती मिटली की जमलेल्या पैशातून आधी रोलर भाड्यानं आणून पाईपजवळचा भराव पुन्हा करायचा आहे, आणि मग टेकूची चाकं.